कौतुकाचाही अर्ज असावा



तक्रारीचा अर्ज लिहायला आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. 'वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की' एवढे लिहिले, की पुढे हात आपोआप चालतो. उसाची नोंद मागे पडली, पाण्याची पाळी चुकली, डीपी जळाला, तोड मिळेना, अर्ज तयार! आम्ही तिघांनी मिळून आजवर असे पन्नासएक अर्ज तरी खरडले असतील. परंतु जानेवारी २०२५ मध्ये एका पोराने आमच्याकडे निराळाच अर्ज मागितला आणि तिथे मात्र आमचा हात अडला. त्या अडलेल्या हाताची ही हकीकत. त्यातून जे सुचले, ते सभासदांपुढे मांडावे असे वाटले.

आम्ही तिघे एकाच शिवारातले. तिघांचा मिळून ऊस साडेसात एकर. त्यावर घर चालते, पण पोरांची शिक्षणे भागत नाहीत. म्हणून २०२३ च्या दसऱ्याला बँकेचे कर्ज काढून तिघांच्या भागीत एक नवा दहा टायरी ट्रक घेतला, कारखान्याशी तोडणी-वाहतुकीचा करार केला, मुकादमाला उचल दिली. पहिला हंगाम बरा गेला. दुसऱ्या हंगामात, २०२४-२५ च्या गळितात, ऐन जानेवारीत गाडीने मान टाकली. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि थोड्या वेळाने गाडी वीस-पंचवीसच्या पुढे जाईना. भरलेली गाडी, मागे ट्रॅक्टरांची रांग, आणि आमचा ट्रक बैलगाडीच्या चालीने निघालेला!

गाडी कोणत्या कंपनीची आणि वर्कशॉप कोणत्या शहरातले, हे आम्ही मुद्दाम सांगत नाही. जे आमच्या वाट्याला आले ते कोणाच्याही वाट्याला येऊ शकते, आणि आम्हाला सांगायचे आहे ते कंपनीविषयी नाही.

ज्यांच्याकडे नवी गाडी नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात नवी मोटार बीएस-सहाच्या नियमांतलीच विकली जाते. धुरातला नायट्रोजन ऑक्साइड हा विषारी वायू कमी करण्यासाठी मोठ्या डिझेल गाड्यांना आणखी एक छोटी टाकी आली. तिच्यात डीईएफ नावाचा द्रव असतो. म्हणजे दुसरे काही नाही, अतिशुद्ध पाण्यात साडेबत्तीस टक्के शुद्ध युरिया. हे पाणी धुराच्या वाटेत फवारले जाते, उष्णतेने त्याचा अमोनिया होतो, आणि तो अमोनिया त्या वायूचे साधा नायट्रोजन आणि वाफ करून टाकतो. हे काम नीट चालले आहे की नाही, यावर सेन्सर पहारा करतात. त्यांना गडबड दिसली की आधी दिवा लागतो आणि तरीही दुरुस्ती झाली नाही, तर गाडीचा कॉम्प्युटर आपण होऊन इंजिनाची ताकद कमी करतो. व्यवस्था चांगल्या हेतूने केलेली आहे. पण इंजिन धडधाकट असताना गाडी रस्त्यात आजारी पडावी, हे आपल्या जुन्या ड्रायव्हर मंडळींना अजून पचलेले नाही.

गाडी वॉरंटीत होती, म्हणून आम्ही निर्धास्त वर्कशॉपला नेली. पहिल्या फेरीत त्यांनी लॅपटॉप लावला, चूक दाखवणारा आकडा पुसला, डीईएफ काढून नवे भरले, त्याचे पैसे घेतले आणि 'झालं' म्हणून गाडी दिली. दोन खेपा झाल्या आणि तिसऱ्या खेपेला पुन्हा दिवा. दुसऱ्या फेरीत सेन्सर बदलायचा ठरला. तो येईपर्यंत तीन दिवस गाडी तिथेच. आणि काउंटरवरच्या साहेबांनी आम्हाला ऐकवले, की 'तुम्ही शेतकरी लोक खताचा युरिया पाण्यात कालवून टाकीत ओतता, मग आमच्या नावाने ओरडता. तसे निघाले तर वॉरंटी मिळणार नाही, इथे सही करा.'

बंधूंनो, गाडी बंद पडली त्याचे जेवढे वाटले नाही, तेवढे या वाक्याचे वाटले. असे उद्योग करणारे कोणी नसतीलच, असे आम्ही म्हणत नाही. खताच्या युरियाला निंबोळीचे तेल लावलेले असते, त्यात इतर घाणही असते, ते टाकीत गेले तर फवारणीचे तोंड बुजते. आणि अनुदानाचे खत गाडीत घालणे हा गुन्हाच आहे. पण न तपासता, अंगावरचे कपडे पाहून आळ घ्यायचा? आम्ही रागाने सही केली. दुसरे काय करणार? इकडे फडात ऊस पडलेला.

फडात ऊस पडणे म्हणजे काय, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडला तर ठीक. नंतर तो वजनात सुकत जातो, त्यातली साखर उतरत जाते. वजन घटते ते सभासदाचे आणि उतारा घटतो तो कारखान्याचा, म्हणजे फिरून सभासदाचाच. त्या आठवड्यात आमच्या गाडीच्या भरवशावर तोडलेला एका विधवा भगिनीचा पाऊण एकराचा ऊस तिसऱ्या दिवसापर्यंत फडात राहिला. गट ऑफिसने दुसरी गाडी दिली, पण तिचाही नंबर यायचा होता. बारा कोयत्यांची टोळी दीड दिवस बसून. त्यांचे पोट टनावर चालते. बसल्याचे कोण देणार? आणि बँकेचा हप्ता तर बसत नाही, तो बरोबर तारखेला उठून येतो.

सेन्सर बसला. वर्कशॉपवाल्यांनी रिकामी गाडी हमरस्त्याला पळवून दाखवली. दिवा नाही. चौथ्या खेपेला पुन्हा तेच! रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी गत झाली.

तिसऱ्यांदा गेलो ते भांडायच्या तयारीनेच. तिघेही गेलो, वर ड्रायव्हरमामांना घेतले. तिथे एक पंचवीस-सव्वीस वर्षांचा पोरगा पुढे आला. आयटीआयचा डिझेल मेकॅनिक, निळा डगला, हाताला काळे. त्याने लॅपटॉप लावला नाही. आधी मागच्या दोन्ही जॉबकार्डांचे कागद वाचले. मग आम्हा तिघा मालकांना ओलांडून मामांपुढे जाऊन उभा राहिला.

"मामा, गाडी तुम्ही चालवता न्हवं? मग तुम्हीच सांगा. दिवा नेमका कवा लागतो?"

मामा आधी गोंधळले. बावीस वर्षे स्टेअरिंगवर. पण वर्कशॉपात त्यांना कोणी असे विचारलेच नव्हते. विचारायचे ते मालकाला, नाहीतर कॉम्प्युटरला.

"भरल्या गाडीला लागतो. रिकामीला न्हाई लागत," मामा म्हणाले.

"भरल्या गाडीला कुठं? सरळ रस्त्याला?"

"न्हाई. फडातनं रस्त्याला चढताना. एक चाक वर नि एक खाली असलं की. न्हाईतर यार्डाच्या तोंडाला तो खड्डा हाय, तिथं."

पोराने हे सगळे कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून घेतले. मग एक छोटी दुर्बिणीसारखी नळी आणली, टाकीतल्या द्रवाचा एक थेंब तिच्या काचेवर टाकला, उजेडाकडे धरून पाहिले आणि आम्हालाही पाहायला लावले. युरियाचे प्रमाण बरोबर साडेबत्तीसच्या रेषेवर. "माल चांगला आहे," असे म्हणून त्याने तेही कार्डावर लिहिले. दोन मिनिटांचे काम! काउंटरवर आमच्यावर आळ घेताना ही नळी त्याच इमारतीत, वीस पावलांवर पडून होती.

भरलेली गाडी वर्कशॉपात घेत नाहीत, आणि रिकाम्या गाडीत रोग दिसत नाही. मग त्याने एक लाकडी ओंडका आणवला आणि मामांना सांगून एका बाजूची मागची चाके हळूच त्यावर चढवून घेतली. एक बाजू वर, एक खाली. चॅसीला पीळ बसला, जसा फडाच्या तोंडाशी बसतो. इंजिन चालूच होते. मामा केबिनमधून ओरडले, "लागला! लागला!" आम्ही आयुष्यात पहिल्यांदा दिवा लागल्यावर आनंदलो असू.

पुढचा अर्धा तास तो गाडीखाली पाठीवर पडून होता. छोट्या टाकीमागून चॅसीच्या कडेने वायरींचा जुडगा जातो. तो धरून ठेवणारी एक क्लिप जागेवर नव्हती. कारखान्यातूनच बसायची राहिली, की कधी निसटली, कोणास ठाऊक. गाडी पिळली की जुडगा लोखंडी पट्टीवर घासायचा. घासून घासून एका वायरीचे कातडे गेले होते आणि तांबे उघडे पडले होते. तांबे पट्टीला टेकले की सेन्सरला खोटा निरोप. वर पाचटाचा चुरा साठलेला, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला काही दिसायचे नाही. त्याने आम्हाला एकेकाला खाली बोलावून ती जागा बोटाने दाखवली, फोटो काढले आणि मग हात लावला.

नवा जुडगा कंपनीकडून यायला आठ-नऊ दिवस लागणार होते. तोवर गाडी अडकवून ठेवणे नियमाला धरून झाले असते. पण त्याने वरिष्ठांना विचारून वायर सांधली, वर नळी चढवली, जुडगा पट्टीपासून लांब बांधला, आणि 'तात्पुरती दुरुस्ती वर्कशॉपने केली आहे, मूळ भाग वॉरंटीत मागवला आहे' असे कार्डावर लिहून दिले. "हे लिहिलेलं जपून ठेवा. उद्या कोणी म्हणेल, बाहेर वायरी कापून घेतल्या," असेही सांगितले. संध्याकाळी गाडी फडात होती. जुडगा आल्यावर त्याने फोन केला, गाडीला मोकळी दुपार कधी आहे ते विचारले आणि त्या दुपारी बदलून दिला. दोन दिवसांनी पुन्हा फोन: "मामांना विचारा, खड्ड्यात दिवा लागला का?" हंगाम संपेपर्यंत दिवा लागला नाही. सेन्सर वॉरंटीत धरला गेला आणि पहिल्या फेरीत घेतलेले डीईएफचे पैसेही परत मिळाले. कारण सारे कागदावर होते.

त्याने आम्हाला नुसते गोड बोलून पाठवले, असे मात्र समजू नका. चांगले फटकारलेही. एअर फिल्टर मातीने बुजला होता, तो झटकून दाखवला. गाडी धुताना पाण्याचा जोराचा फवारा वायरींच्या जोडांवर मारता, तो बंद करा म्हणाला. वजनाच्या पावत्या पाहून तर त्याने कपाळाला हात लावला. दहा टायरी ट्रकची कायद्याची मर्यादा २०१८ साली सरकारने २५ टनांवरून साडेअठ्ठावीस टन केली. ती गाडीच्या वजनासकट. आपण तिला उसाचेच वजन समजून चालतो! "मोडलं तर वॉरंटी नाकारायला हे एक कारण पुरेसं आहे," तो म्हणाला. आम्ही खाली पाहिले. आपली चूकही आपल्याच तोंडावर सांगणारा माणूस मिळणे, ही पण सेवाच आहे.

निघताना आम्ही पाचशेची नोट पुढे केली. त्याने हात मागे घेतला. म्हणाला, "पैसे नकोत. द्यायचंच असेल तर आमच्या साहेबांना दोन ओळी लिहून द्या. तक्रारीचे कागद रोज येतात हो, चांगल्याचा एकही येत नाही."

हाच तो अर्ज! आम्ही तिघे बाकावर बसलो. एकजण बी. ए., एकजण सोसायटीचा माजी सेक्रेटरी. कागद पुढे, पेन हातात, आणि ओळ सुचेना. 'वरील विषयास अनुसरून' लिहिले नि थांबलो. विषय काय लिहायचा? 'मेकॅनिकने लक्ष देऊन काम केल्याबाबत'? तसा अर्ज आम्ही कधी पाहिलाच नव्हता. शेवटी मामाच म्हणाले, "लिवा की, पोरानं माझं ऐकून घेतलं म्हून गाडी बरी झाली." तेवढेच लिहिले, तारीख घातली, तिघांनी सह्या केल्या, मामांनीही केली. त्याचे नाव इथे छापावे अशी आमची फार इच्छा होती. पण तो नको म्हणाला, म्हणून छापत नाही.

आता कोणी म्हणेल, त्यात काय एवढे? तो पगार घेतो, ते त्याचे कामच आहे. खरे आहे. आम्हीही आधी असेच म्हटले असते. पण थोडा विचार करा. वॉरंटीच्या प्रत्येक कामाला किती तास लागावेत हे कंपनी आधीच ठरवून देते आणि त्या हिशेबाने वर्कशॉपला मजुरी मिळते. सेन्सर बदलायला अमुक तास, जुडगा बदलायला तमुक तास. पण ड्रायव्हरचे बोलणे ऐकायला, जुनी कार्डे वाचायला, ओंडका आणायला जो वेळ जातो त्याला तिथे पुरता रकाना नसतो. म्हणजे जो मेकॅनिक न ऐकता पटापट सुटे भाग बदलतो, त्याचा आकडा कागदावर चांगला. आणि जो थांबून ऐकतो, त्याचा खराब! अशा व्यवस्थेत लक्ष देऊन काम करणारा माणूस तोट्याचा ठरतो. त्याच्या बाजूने बोलणारा एकच कागद असू शकतो, तो म्हणजे गिऱ्हाइकाचा. तो आपण लिहीत नाही. मग उद्या तोही ऐकायचे सोडून देईल आणि परवा आपणच म्हणू, की हल्ली चांगली माणसे राहिली नाहीत.

आपल्या बापजाद्यांच्या वेळी नांगर-मोट दुरुस्त करणारा सुतार-लोहार गावातच असे. त्याला कोणाचा बैल कोणत्या अंगाला ओढतो हेही ठाऊक असे, आणि त्या हिशेबाने तो जू तासून देई. खळ्यावर त्याचे बलुते आधी निघे. त्या पद्धतीत अन्याय होता, अपमान होता; ती परत यावी असे आमचे मुळीच म्हणणे नाही. पण काम करणारा आणि काम करून घेणारा एकमेकांना ओळखत, चांगल्या कामाचा बोलबाला शिवारभर होई. आज गाडी दुरुस्त करणारा काचेपलीकडे असतो, आपण अलीकडे. मध्ये काउंटर. ती काच आपल्याला फोडता येत नाही, पण तिच्यातून एक चिठ्ठी तर सरकवता येते?

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. त्या पोराचे कौतुक म्हणजे कंपनीला माफी नव्हे. क्लिप राहिली ती राहिलीच. आमच्या दोन फुकट फेऱ्या, बुडालेल्या खेपा, टोळीचा बसलेला दीड दिवस, त्या भगिनीचा सुकलेला ऊस, यांतले काहीही वॉरंटीत बसत नाही. वॉरंटी बहुधा सुट्या भागाची आणि मजुरीची असते, बुडालेल्या धंद्याची नसते. त्याबद्दलची तक्रार आम्ही त्याच दिवशी वेगळ्या कागदावर, पोहोच घेऊन दिली. साधारण समज असा, की कौतुक केले तर तक्रार लेची पडते. आमचा अनुभव उलटा आहे. दोन्ही कागद एकत्र गेल्यावर मॅनेजरने आम्हाला प्रथमच खुर्ची दिली. जो चांगल्याला चांगले म्हणतो, त्याने वाईटाला वाईट म्हटले तर त्याला वजन येते.

कायद्याचीही थोडी माहिती असावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा मालक ग्राहक धरला जात नाही. पण केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून जो ती वापरतो, तो ग्राहकच असतो. आपल्यातले जे सभासद स्वतः गाडी चालवून पोट भरतात, त्यांनी हे लक्षात ठेवावे आणि बिले, जॉबकार्डे, सर्व्हिसच्या नोंदी एका पिशवीत जपाव्यात. कागद नसला की खरा माणूसही खोटा ठरतो.

आता थोडे आपल्या घराकडे वळू. वर्कशॉपच्या काउंटरवर आमचा अपमान झाला म्हणून आम्ही एवढे चिडलो. पण आपल्या स्वतःच्या यार्डात ड्रायव्हरला आपण काय वागवतो? रात्री दोन वाजता नंबर विचारायला आलेल्या माणसाला खिडकीतून काय उत्तर मिळते? टोळीचा मुकादम 'त्या वाटेने गाडी निघणार नाही' म्हणतो, तेव्हा आपण मालक लोक त्याचे ऐकतो का? १९५०-५१ साली प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांच्या मालकीच्या कारखान्याचे पहिले गळीत झाले, तेव्हा विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जे उभे केले, ते नुसते साखरेचे यंत्र नव्हते. ज्याचे कोणी ऐकत नव्हते, त्याचे ऐकले जाईल अशी ती जागा होती. आपलाही कारखाना त्याच रोपाचे बेणे. मग ऐकण्याची ही रीत शोरूममधल्या एका पोराकडून आपल्याला शिकावी लागावी, याची थोडी लाज वाटायला हरकत नाही.

आणि आपल्याच कारखान्यात अशी माणसे नाहीत असे थोडेच आहे? भर पावसात शेतात येऊन उसाची नोंद बरोबर घेणारा स्लिप बॉय आहे. मिलच्या आवाजात फरक पडला की झोपेतून उठून जाणारा फिटर आहे. काट्यावर सभासदाला आकडा नीट दिसावा म्हणून स्वतः बाजूला सरकणारा क्लार्क आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेत आपण उताऱ्यावर बोलतो, दरावर बोलतो, आणि बोललेच पाहिजे. पण या माणसांबद्दल इतिवृत्तात एक ओळ कधी आली आहे का?

म्हणून आमच्या चार सूचना आहेत. संचालक मंडळाने त्यांचा विचार करावा, ही विनंती.

एक : गळीत हंगामापूर्वी, दसऱ्याच्या सुमारास, यार्डात वाहन तपासणीचे शिबिर घ्यावे आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या वर्कशॉपमधले मेकॅनिक बोलवावेत. उभ्या गाडीत सापडलेला दोष भरल्या गाडीत सापडलेल्या दोषापेक्षा स्वस्त पडतो.

दोन : तोडणी-वाहतूक करारातल्या प्रत्येक गाडीत एक वही असावी. दिवा कधी लागला, आवाज कुठे आला, तारीख, रस्ता, भरलेली की रिकामी, हे ड्रायव्हरने लिहावे. लिहिता येत नसेल तर सांगून लिहून घ्यावे. मामांचे ते एक वाक्य पहिल्या फेरीलाच वहीत असते, आणि वही कोणी उघडली असती, तर आमचे पंधरा दिवस वाचले असते.

तीन : या अंकात तक्रारींना जागा आहे, तशी दर महिन्याला चार ओळींची जागा चांगल्या कामाला द्यावी. कारखान्यातला असो, बँकेतला असो, महावितरणचा वायरमन असो. नाव छापायचे ते त्याला विचारून.

चार : ही सूचना मंडळाला नाही, आपल्या सगळ्यांना आहे. कोणी लक्ष देऊन काम केले, तर चहा पाजून, पाठ थोपटून थांबू नका. त्याच्या वरिष्ठाच्या नावे दोन ओळी लिहा, खाली सही करा, तारीख घाला. चहा तासात विरतो, कागद फाइलीला लागतो.

नमुना हवा असेल तर आमच्यापाशी एक आहे. फार विद्वत्तेचा नाही. 'पोराने ड्रायव्हरचे ऐकून घेतले म्हणून गाडी बरी झाली.' पुढे चार सह्या. त्यातली चौथी, मामांची, थोडी वाकडी आहे; बावीस वर्षे गाडी चालवणाऱ्या त्या हाताला असल्या कागदावर सही करायची वेळ पहिल्यांदाच आली होती.